ऐकून धरलेला नेम

मास्तरांची नजर कडेकडेनं गेली. आधी बाजूनं येणारा माणूस दिसेनासा झाला, मग दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, मग समोर उरलेला उजेडाचा गोल रोज थोडाथोडा आवळत गेला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, यायला फार उशीर केलात. मास्तर काय बोलणार? चाळीस वर्षं खाली मान घालून कोट शिवणारा माणूस, बाजूला कोण उभं आहे ते बघायची त्याला सवयच नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी तो गोलही विझला. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून खुंटीला लावला, दुकान हाताखालच्या कारागिराला दिलं आणि घरी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

घरात तिघंच. मास्तर, त्यांची बायको आणि थोरली मुलगी. धाकटी लग्न होऊन लांब गेलेली. थोरली हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सकाळी आठापासून लोकांना "हनुवटी वर, हलू नका, श्वास रोखा" सांगून तिचा घसा बसायचा. सांगता सांगता एक दिवस तिच्या मनात आलं की आपण स्वतः कधी धड दोन मिनिटं स्थिर उभे राहिलोय का? त्याच आठवड्यात हॉस्पिटलातल्या एका नर्सनं तिला रायफल क्लबात नेलं, आणि तेव्हापासून तिचा रविवार तिकडे जायला लागला.

क्लब म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांखालची एक लांबट खोली. छत एका बाजूला उतरतं, उंच माणसानं जपून उभं राहायचं. या टोकाला दहा टेबलं, त्या टोकाला दहा मीटरवर दहा कागद. कागदाच्या मधोमध जो दहा गुणांचा ठिपका, तो पेनानं दिलेल्या पूर्णविरामाएवढा. हवेच्या रायफली होत्या, त्यामुळे धडाम् वगैरे काही नाही. फट् असा दाबलेला आवाज आणि लगेच छर्रा पलीकडच्या लोखंडी पेटीत पडल्याची टक्. शिकवायला एक पन्नाशीची बाई होती. एके काळी मोठमोठ्या स्पर्धा खेळलेली, आवाज घोगरा, बोलणं मोजकं. सगळे तिला नुसतं "बाई" म्हणत आणि तिच्यासमोर आपोआप सरळ उभे राहत.

त्या रविवारी आई आपल्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून तिच्याकडे गेली होती. मास्तरांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. आदल्याच महिन्यात चहाचं आधण उतरवताना त्यांनी हात पोळून घेतला होता. थोरली म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. मागे बाकावर बसा, तास-दोन तासांचा प्रश्न आहे."

"चल," मास्तर म्हणाले. "नाहीतरी मला काय, इथला अंधार काय आणि तिथला काय."

बाकावर ते गप्प बसून राहिले. अर्ध्या तासानं थोरली पाणी प्यायला मागे आली तर म्हणाले, "डावीकडून तिसरा जो आहे ना, त्याला कुठेतरी जायची घाई आहे. श्वास पुरा व्हायच्या आत उडवतो." थोरलीनं वळून पाहिलं. तिसऱ्या टेबलावर एक बँकवाला होता आणि तो खरंच घड्याळ बघत होता.

"आणि तुझी बंदूक तुला होत नाही," मास्तर पुढे म्हणाले.

मागून जाणाऱ्या बाई थांबल्या. "होत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे ढगळ आहे हो. ती उचलली की ही दरवेळी दोनदा खांदा हलवते. जाकिटाचं कापड घासतं, ऐकू येतं ना. मापात बसलेल्या कोटात माणूस खांदा हलवत नाही."

बाईंना शिकवायला गेलेला माणूस आजवर धड परत आला नव्हता. पण बाईंनी थोरलीची रायफल रिकामी करून घेतली, नळीतून नारिंगी दोरी ओवली, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही दिसावं, आणि मास्तरांना हाताला धरून टेबलापाशी आणलं. "घ्या. बघा."

मास्तरांनी आधी मुलीचा खांदा चाचपला, मग कोपर, मग मनगट. तिचा गाल रायफलीवर टेकवायला लावून गालाखालून बोट फिरवलं. मापं घेताना दुकानात असायचा तसा त्यांचा चेहरा झाला, ओठ किंचित दुमडलेले. वर्षभरात तो चेहरा थोरलीनं पाहिला नव्हता.

"मागचा दांडा दोन बोटं लांब आहे. गालाखालची पट्टी अर्धं बोट वर घ्या. मान वाकवून नेम धरतेय पोरगी, मान दुखत नाही का गं तुझी?"

"दुखते," थोरली म्हणाली. तिला वाटत होतं ते एक्स-रेच्या यंत्रामुळे.

बाईंनी पाना घेतला, दांडा आत सरकवला, पट्टी वर घेतली. थोरलीनं पाच गोळ्या झाडल्या. सकाळचा तिचा कागद टेबलावरच पडला होता, त्यावर पाच भोकं एका लिंबाएवढ्या जागेत विखुरलेली. नव्या कागदावरची पाच शर्टाच्या बटणाखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती. बाई कागद घेऊन उजेडापाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या,

"पुढच्या रविवारी यांना घेऊन ये."

"पुढच्या रविवारी आई आलेली असेल, बाबा घरीच..."

"मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "सांगितलं."

पुढच्या रविवारी बाईंनी मास्तरांसमोर टेबलावर तीन हत्यारं ठेवली, तिन्ही रिकामी, तिन्हींत दोरी. मास्तरांनी आधी पिस्तूल हातात घेतलं. तोललं. "हे कात्रीसारखं. सगळं मनगटावर. माझं मनगट आता थकलं." मग जुनी, नळी मोडून भरायची रायफल. ती त्यांनी बाईंच्या सांगण्यावरून रिकामीच एकदा चालवून पाहिली आणि चमकले. "ही आतून दचकते. स्प्रिंग आहे ना आत? उडवण्याआधीच अंग हलतं हिचं." तिसरी दाबलेल्या हवेवर चालणारी, लांब आणि जड. घोडा ओढला तरी ती हातात तशीच पडून राहिली.

"ही काहीच बोलत नाही," मास्तर म्हणाले.

"तीच तुमची."

"माझी?" मास्तर हसले. "बाई, आंधळ्याची चेष्टा करू नये."

"मला चेष्टा येत नाही. इथे कुणालाही विचारा."

मग त्यांनी कपाटातून एक पेटी काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. फार पूर्वी एका शिक्षकासाठी ती आणली होती, ते गाव सोडून गेले आणि पेटी कपाटात राहिली. आत दुर्बिणीएवढी एक नळकांडी आणि कानाला लावायचे हेडफोन. प्रकार साधा होता. समोरच्या खास कागदावर एक प्रखर दिवा सोडायचा. तो कागद मधे पांढरा आणि बाहेर बाहेर काळपट होत गेलेला. रायफलीवरची नळकांडी त्या उजेडाचा आवाज करते. नळी कडेला रोखली असेल तर आवाज खालच्या पट्टीत, मध्याकडे सरकली की वर चढत जातो, आणि ऐन मध्यावर सगळ्यात उंच.

बाईंनी रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवली, मास्तरांना तिच्यामागे उभं केलं आणि हेडफोन चढवले. थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बराच वेळ काही झालं नाही. मग मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

"चढतोय," ते कुजबुजले. "चढतोय... गेला. गेला खाली. थांब, इकडे आहे." रायफलीचं तोंड केसभर डावीकडे सरकलं. "हा काय इथे! अगं, समोर काहीतरी आहे!"

वर्षभर त्यांच्यासमोर काहीच नव्हतं. थोरलीनं खाली बघून चपलेचा पट्टा उगाचच नीट केला.

आईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "डोळे होते तेव्हा या माणसाला कधी एक डास मारता आला नाही, आणि आता बंदूक! उद्या मला कोणी विचारलं की तुमचे मिस्टर काय करतात, तर काय सांगू?"

"सांग, सराव करतात," मास्तर म्हणाले.

आणि तो त्यांनी केला. बाईंनी सहा आठवडे छर्रा हातात दिला नाही. नुसतं उभं राहायचं, नुसता श्वास घ्यायचा, रिकामा घोडा ओढायचा. नळीचं तोंड कायम समोर, बोट घोड्याच्या बाहेर, नेम पक्का होईपर्यंत बोट आत जायचं नाही, आणि कुणी हाक मारली तरी हत्यार हातात असताना वळायचं नाही. मास्तरांना पाय कुठे ठेवायचे ते कळावं म्हणून बाईंनी जमिनीवर दोरी चिकटवली होती. ती तळव्यांना लागली की ते उभे राहायचे, नाहीतर नाही. घरी स्वयंपाकघरात ते दुकानातली लाकडी मोजपट्टी खांद्याला लावून उभे राहत, टोकाला वाळूची पिशवी बांधलेली आणि पुढच्या कडेवर एक बटण ठेवलेलं. बटण न पाडता पाच मिनिटं काढायची. आई कढई घेऊन त्यांना वळसा घालून जायची, तोंडाचा पट्टा चालूच. "हे बघा, भाजी करपली तर तुमच्या त्या बटणाला खायला घालीन."

छर्रे हातात आले तेव्हा मास्तर खूश झाले. छर्रा एका बाजूनं पोकळ, दुसऱ्या बाजूनं बंद. "हे तर मुंगीनं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाची मदत न घेता भरायला लागले. थोरली त्यांच्यामागे स्टुलावर बसायची. गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून बघून सांगणं एवढंच तिचं काम. नेम धरताना चकार शब्द बोलायचा नाही असा नियम होता, आणि तो पाळताना तिची जीभ दातांखाली यायची.

चार महिने गेले. सहा, सात, आठ, क्वचित नऊ. दहा काही येईना. मास्तर कुरकुरले नाहीत, पण घरी जाताना गप्प असायचे.

मग एका दुपारी, खोलीत हे तिघंच असताना, मास्तरांनी रायफल रिकामी करून दोरी ओवली, हेडफोन काढले आणि म्हणाले, "बाई, यंत्र बिघडलंय."

"काय झालं?"

"मध्याजवळ पोचलो की आवाज एकसारखा राहत नाही. हलतो. आधी मला वाटलं माझा हात. पण हात हलला की आवाज कसाही भरकटतो, हे तसं नाही. हे शिस्तीत हलतं."

बाईंनी रायफल टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट पकडली, मध्यावर रोखली आणि स्वतः ऐकलं. "काहीच हलत नाही. दोरीसारखा सरळ आवाज आहे." पुन्हा मास्तरांना दिली. मास्तर उभे राहिले, नेम धरला, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "हं, बघा, सुरू झालं." रायफल टेकवून ते टेबलावर बोटानं ठेका द्यायला लागले. टक्. टक्. टक्.

थोरलीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. तिच्या कामात ही सवयच असते. पंधरा सेकंदांत अठरा. ती स्टुलावरून उठली आणि तिनं वडिलांचं दुसरं मनगट हातात घेतलं. बोटांखालचा ठोका आणि टेबलावरचा ठेका, दोन्ही एकच.

"बाबा," ती म्हणाली, "यंत्र नाही बिघडलेलं. ही तुमची नाडी आहे."

मास्तरांचं बोट टेबलावर अधांतरी थांबलं होतं.

"माझं काळीज वाजतंय त्यात?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बाई स्टुलावर बसल्या. "वीस वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, दोन ठोक्यांच्या मधे घोडा दाबा. मला माझ्या कोचनं सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या. आम्ही सगळ्यांनी ते मानलं. ठोका छातीत जाणवतो, नाही असं नाही, पण समोरच्या कागदावर तो काय करतो ते कुणी ऐकलेलं नव्हतं."

"मधे जागा आहे," मास्तर म्हणाले. "ठोक्याला आवाज खाली पडतो, मग वर येतो, आणि वर आला की क्षणभर तिथेच राहतो. अगदी थोडा वेळ. एक टाका मावेल एवढा."

ते पुन्हा उभे राहिले. पाय दोरीवर सरकले. श्वास आत गेला, अर्धा बाहेर आला, थांबला. थोरलीला स्वतःच्याच कानात काहीतरी धडधडताना ऐकू येत होतं. फट्. टक्.

तिनं दुर्बिणीतून पाहिलं. पुन्हा पाहिलं. पूर्णविराम जागेवर नव्हता, त्याच्या जागी भोक होतं.

"दहा," ती म्हणाली. मग परत एकदा, मोठ्यानं.

त्या दुपारी बाईंनीही मास्तरांची रायफल घेतली, डोळे मिटले आणि हेडफोन लावले. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग सगळं काळजीपूर्वक खाली ठेवून, "मी जरा चहा घेऊन येते," म्हणाल्या आणि थर्मास तिथेच टेबलावर असताना बाहेर निघून गेल्या.

मग थोरलीची पाळी. डोळे मिटल्यावर आधी नुसती घरघर ऐकू आली, मग ती चढत गेली, बारीक झाली, आणि त्या बारीक आवाजाच्या टोकावर एक थरथर उमटली. खाली, वर. खाली, वर. रोज शंभर छात्यांची चित्रं काढणारी ती. काळीज म्हणजे फिल्मवरचा एक पांढुरका डाग, किंचित डावीकडे झुकलेला, एवढीच तिची त्याच्याशी ओळख होती. आणि हे इथे, दहा मीटर लांबच्या कागदावर तिचं काळीज पोचलं होतं, तो कागद हलवत होतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला, कुणी विचारलं नव्हतं. ती जन्मायच्या आधीपासून ते हेच करत आलं होतं, आणि ती झोपलेली असताना, भांडत असताना, बसची वाट बघत असतानाही. तिला वाटलं हे आत्ता कुणालातरी सांगावं, आणि सांगण्यासारखं काहीच सापडेना. डोळे उघडले तेव्हा वडील तिच्या दिशेनं कान देऊन उभे होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा."

त्यानंतर मास्तरांचे दहा वाढत गेले. वसंतात क्लबाची स्पर्धा होती. चाळीस गोळ्या, दोन पाळ्या, प्रत्येकीला एक तास, एकोणीस स्पर्धक, अठरा डोळस; मास्तर दुसऱ्या पाळीत. आई येणार नाही म्हणत होती, आणि त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिली.

सुरू व्हायच्या आधी एक स्पर्धक तक्रार घेऊन आला. मिशा राखलेला, स्वतःची महागडी रायफल आणलेला. "बाई, यांना यंत्र मदत करतंय. हे बरोबर आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचा चष्मा माझ्याकडे ठेवा, मी त्यांचं यंत्र काढते."

तो आपल्या टेबलाकडे परत गेला.

पहिल्या वीस गोळ्या नेहमीसारख्या गेल्या. मास्तर प्रत्येक गोळीनंतर थोरलीनं सांगायच्या आत स्वतःच हळू म्हणायचे, "नऊ, खाली." "दहा." "आठ, उजवीकडे." आणि दुर्बिणीत तेच असायचं. शेजारच्या टेबलावरची एक कॉलेजात शिकणारी मुलगी, जी नंतर पहिली आली, ती मधूनमधून त्यांच्याकडे बघायची.

सव्विसाव्या गोळीच्या वेळी मागे कुणाची तरी खुर्ची धाडकन पडली. ऐन त्या क्षणी मास्तरांचं बोट घोड्यावर होतं.

"चार," मास्तर म्हणाले. "डावीकडे, वर."

चारच होते. सत्ताविसावी गोळी सहा, अठ्ठाविसावी सात. एकोणतिसावी भरायला मास्तरांचा हात डबीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी रायफल रिकामी केली, दोरी ओवली, हेडफोन उतरवले आणि खुर्चीवर बसले. मांडीवर हात, डोळे मिटलेले. घड्याळ चालू होतं. एक मिनिट. तीन. पाच. स्पर्धा चालू असताना गुण आणि वेळ सोडून काही बोलायचं नाही, या नियमामुळे थोरलीला बोलता येत नव्हतं. मागे आईच्या बांगड्यांची किणकिण एका लयीत चालू होती. ती पदराचं टोक पिळत होती. सात मिनिटं गेली. इतर टेबलांवरची मंडळी एकेक करून चाळीस पूर्ण करत होती.

मास्तर उठले. दोरी पायांनी शोधली. "थोरले, किती वेळ राहिला?"

वेळ सांगायला हरकत नव्हती. "पंधरा मिनिटं."

"पुष्कळ आहे."

एकोणतीस, नऊ. तीस, नऊ. आणि मग शेवटच्या दहा. त्या वेळेपर्यंत बाकी सगळ्यांचं झालं होतं, कुणी जाकिटं काढत होतं, कुणी गुण विचारत होतं. पण बोलणी हळूहळू बंद पडली. कुणी गप्प करायला गेलं नाही, आपोआप झालं. दहा. दहा. नऊ. दहा. माणसं टेबलांमधून मागे येऊन उभी राहिली. दहा. मिशावाला भिंतीला टेकून उभा होता, तोंड किंचित उघडं. मास्तर आता आकडे बोलत नव्हते. त्यांच्या कानशिलावरची शीर थोरलीला दिसत होती, आणि ती शीर उडायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात फट् व्हायचं. दरवेळी. तिला वाटलं या उतरत्या छताच्या खोलीत सगळ्यांचाच श्वास त्या एका शिरेवर टांगलेला आहे. दहा. दहा. दहा. नऊ. शेवटच्या गोळीला ते दोनदा थांबले, दोनदा बोट बाहेर काढलं, पुन्हा सुरुवातीपासून श्वास घेतला.

फट्. टक्.

थोरलीनं दुर्बिणीला डोळा लावला. "दहा," ती म्हणाली, आणि तिथेच कपाळ टेबलाला टेकून बसली.

लगेच टाळ्या वाजल्या नाहीत. ती कॉलेजची मुलगी पुढे आली, मास्तरांच्या कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आजोबा, शेवटच्या दहा गोळ्यांत अठ्ठ्याण्णव. माझे त्र्याण्णव आहेत." मग टाळ्या वाजल्या. त्या कुणालाच आवरता येईनात.

एकूणात मास्तर अकरावे आले. त्या चार-सहा-सातनं त्यांना खाली ओढलं. बाईंनी कागदावर तारीख घालून तो त्यांच्या हातात दिला आणि पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेचा फॉर्म त्यांच्या खिशात कोंबला. विचारलं नाही. मास्तर त्या स्पर्धेत खेळले, आणि त्यानंतरच्याही. क्लबातल्या निम्म्या लोकांच्या रायफली आता त्यांच्या हाताखालून जातात, कुणाचा दांडा लांब, कुणाची पट्टी खाली, आणि बाई नव्या माणसाला सरळ सांगतात, "आधी मास्तरांना माप द्या."

पण त्या संध्याकाळची गोष्ट वेगळी. तिघं चालत घरी निघाली. रस्त्याच्या कडेला झाडं होती, सायकली जात होत्या, दुकानांत दिवे लागत होते. मास्तरांचा हात आईच्या खांद्यावर, थोरली एक पाऊल मागे. चौक ओलांडून झाल्यावर आई थांबली.

"अहो," ती म्हणाली, "त्या कानातल्यात वाजतं तरी काय?"

मास्तरांनी जरा विचार केला. मग तिथेच फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता, ते हळू आवाजात गुणगुणायला लागले. आधी अगदी खाली, छातीतून. मग वर, अजून वर, त्यांच्या म्हाताऱ्या गळ्याला जेमतेम झेपेल इतकं बारीक. तिथे पोचल्यावर त्यांनी आईचा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला. आवाज थरथरला, खाली पडला, वर आला.

आई डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवून दोघांना वळसा घालून गेला. थोरली मागेच थांबली, त्यांच्या मधे गेली नाही.

"परत करा," आई म्हणाली.